काचेच्या पेटीतील शेत

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला दोन गोष्टी आठवतात : सरफोजीराजांच्या नावाशी जोडलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरला गेलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. परंतु कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशाची खरी दौलत म्हणजे पाणी. धरणात पुरेसा साठा असेल त्या वर्षी, रीतीप्रमाणे १२ जूनच्या सुमारास मेट्टूरचे दरवाजे उघडतात, कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी पाण्याची वाटणी होते, आणि लहानमोठ्या कालव्यांनी ते भातखाचरांत जाऊन पोहोचते. शहरातही सेवप्पनायकन एरी या तलावाचे पाणी शिवगंगा तळ्यात आणि तेथून भूमिगत नळांनी गावातील कुंडांत नेण्याची जुनी योजना होती. ज्या भूमीने पाणी, ऊन आणि खत यांचा हिशेब शतकानुशतके मांडला, तेथील एखाद्या घरात पाणवनस्पतींची काचपेटी लावावयाची असेल, तर गुरू शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. गावाबाहेरचे भाताचे खाचर हाच त्या विद्येचा उत्तम पाठ आहे.

काचपेटीत रंगीत मासे ठेवण्याची हौस आता लहान गावांतूनही दिसते. माशांबरोबर हिरव्या वनस्पती असाव्यात असेही पुष्कळांना वाटते. दुकानातून रोपे येतात, वाळूत खोचली जातात, वर झगझगीत दिवा लागतो. पहिले पंधरा दिवस पेटी नंदनवनासारखी दिसते. पुढे पाने पिवळी पडतात, काचेवर हिरवा-तपकिरी थर चढतो, केसांसारखे शैवाल रोपांना वेढते, आणि दीड-दोन महिन्यांत सारे उपसून टाकण्याची पाळी येते. मग दोष रोपांना दिला जातो, किंवा दुकानदाराला. वस्तुतः दोष बहुधा हिशेबाचा असतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहू. पाण्यात बुडालेल्या हिरव्या पानांतून उन्हात प्राणवायूचे बुडबुडे निघतात व अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहाऊस याने १७७९ साली प्रयोगांनी दाखवून दिले. त्यानंतर १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची वनस्पती आणि काही गोगलगायी एकत्र ठेवल्या. मासे जे टाकतात ते वनस्पती घेतात, वनस्पती जे सोडतात त्यावर मासे जगतात, आणि सडलेली पाने गोगलगायी फस्त करतात, असा तो संसार होता. पहिल्या खेपेस गोगलगायी नव्हत्या, तेव्हा सडत्या पानांनी पाणी गढूळ झाले. गोगलगायी आल्यावर ते निवळले. काचपेटीचे शास्त्र इतक्या साध्या गोष्टीतून निघाले आहे.

वनस्पतीला प्रकाश, कर्ब आणि अन्नद्रव्ये या तिन्ही गोष्टी हव्यात. यांपैकी जी सर्वांत कमी, तिच्यावर वाढ अडते. शेतीशास्त्रात हा नियम लीबिख याच्या नावाने ओळखला जातो. नत्र कमी असताना पालाश कितीही टाकला तरी भात वाढत नाही. काचपेटीत त्याला एक जोड आहे. जे रोपांच्या वाट्याचे उरते, ते शैवाल खाते. म्हणून तिन्ही गोष्टी एकमेकींच्या मापाने ठेवणे हेच मुख्य काम. त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम पाणी. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याला आपली जुनी पाठ्यपुस्तके दुष्फेन म्हणत. त्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. कूपनलिकेचे पाणी नदीच्या पाण्यापेक्षा बहुधा असे जड असते. वनस्पतींच्या दृष्टीने त्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण विशेष महत्त्वाचे. बाजारात थेंब टाकून पाहण्याच्या तपासणी-पेट्या मिळतात, त्यांत ते अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे दर लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम चुनखडीइतके. त्याच पेटीत सामू मोजण्याचीही सोय असते. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. कूपनलिकेचे पाणी उपसल्याबरोबर तपासू नये. भूगर्भातील वायू त्यात विरघळलेला असतो, त्यामुळे सामू खोटा उतरतो. एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग तपासावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही अशाच विश्रांतीने पुष्कळसे निघून जाते. मात्र क्लोरामीन वापरत असतील तर ते असे जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब लागतात.

सामू, बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे नाते ठरलेले आहे. बायकार्बोनेट ४ अंश आणि सामू ७ असेल, तर पाण्यात दर लिटरला सुमारे १२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. तेच बायकार्बोनेट ठेवून सामू ८ झाला, तर तो सव्वा मिलिग्रॅमवर येतो. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तर तो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम राहतो. शिवाय वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. तेव्हा बुडालेल्या पानाची खरी भूक बहुतेक वेळा कर्बाची असते. मोठी हौस असणारे लोक नळकांड्यातून हा वायू सोडून तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. पण हे खर्चाचे आणि जोखमीचे काम आहे, कारण जरा प्रमाण चुकले तर मासे गुदमरतात. सामान्य कुटुंबाने या वाटेला न गेलेले बरे.

त्याऐवजी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे आपल्या पाण्याला मानवणारी रोपे निवडणे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि सिरॅटोफायलम या वनस्पती बायकार्बोनेटमधूनही कर्ब काढून घेतात. त्या करताना पानांवर चुन्याची पांढरट पुटे बसतात, ती रोगाची खूण नव्हे. जड पाण्यात त्या सुखाने वाढतात. दुसरा मार्ग म्हणजे पाणी मऊ करणे, आणि तंजावरात त्याची सोय निसर्गानेच केली आहे. येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि तामिळनाडूत २००३ सालापासून इमारतींवर पर्जन्यजल-संचय सक्तीचा आहे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छपरावरची धूळ धुण्यासाठी सोडून द्यावे आणि पुढचे स्वच्छ पिंपात धरावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात. कूपनलिकेच्या पाण्यात १६ अंश बायकार्बोनेट असेल, तर त्याचा एक भाग व पावसाच्या पाण्याचे तीन भाग मिसळले की ४ अंशांचे पाणी तयार होते. निव्वळ पावसाचे पाणी मात्र वापरू नये. रोपांना चुना व मॅग्नेशियम थोडे तरी हवेच, आणि बायकार्बोनेटच्या आधाराविना सामू एकाएकी घसरतो.

आता प्रकाश. हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषते, म्हणून दिव्याचा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा शुभ्र असावा. साधी, चांगल्या प्रतीची पांढरी एलईडी नळी त्यासाठी पुरते. तिच्या वेष्टनावर वॅटबरोबर ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो, तो पाहावा. कार्बन डायऑक्साइड बाहेरून सोडावयाचा नसेल, तर दर लिटर पाण्यास १५ ते २० ल्यूमेन पुष्कळ झाले. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३६ उंच अशा पेटीत वाळू-माती वजा जाता सुमारे ५५ लिटर पाणी राहते. त्याला ८०० ते १,१०० ल्यूमेन, म्हणजे नऊ-दहा वॅटची नळी बास होते.

येथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. रोप वाढत नाही असे दिसले की दिवा दुप्पट करतात आणि तो रात्री उशिरापर्यंत जळत ठेवतात. प्रकाश वाढला की वनस्पतीची कर्बाची व खताची मागणीही वाढते. ती भागली नाही तर रोप उपाशी राहते आणि प्रकाशाचा लाभ शैवालाला मिळतो. तंजावर विषुववृत्ताजवळ आहे. तेथील दिवस वर्षभर साडेअकरा ते पावणेतेरा तासांच्या दरम्यान असतो, आणि त्यातही सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे. तेव्हा पेटीत नव्या रोपांना आरंभी रोज सहा तास व ती रुजल्यावर आठ तास प्रकाश द्यावा. वेळ घड्याळाच्या खटक्यावर सोपवावी, म्हणजे विसर पडत नाही. खिडकीतले थेट ऊन पेटीवर येऊ देऊ नये. ते घरातल्या दिव्यापेक्षा कित्येक पटींनी प्रखर असते, आणि त्याने पाणीही तापते.

तिसरी गोष्ट खताची, आणि येथे खाचराचा पाठ कामी येतो. भाताच्या चिखलात वरचा काही मिलिमीटरचा थर तेवढा हवेशीर असतो. खाली प्राणवायू नसतो, आणि त्यामुळेच तेथील लोह, मंगल आणि स्फुरद मुळांना घेता येतील अशा रूपात येतात. काचपेटीतही तेच घडवून आणता येते. तळाशी अडीच सेंटिमीटर साधी बागेची माती पसरावी, तीवर तितकाच धुतलेल्या जाड वाळूचा थर द्यावा, आणि रोपांची मुळे मातीपर्यंत पोहोचू द्यावीत. माती कुजताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो रोपांना आयताच मिळतो. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले, आणि तेव्हापासून ती जगभर रूढ झाली. मातीबाबत एक पथ्य पाळावे. फवारणी झालेल्या शेतातली, ताज्या शेणखताची किंवा रासायनिक खत मिसळलेली माती घेऊ नये. वाळूतून कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तेथे काडीने हलकेच टोचून वायू मोकळा करावा.

माती वर्षभर पुरते. पुढे, किंवा केवळ वाळू वापरली असेल तर आरंभापासून, वरून खत द्यावे लागते. शेतकरी पान पाहून उणीव ओळखतो, तसेच येथे करावे. जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्या पानांना बारीक भोके पडू लागली तर पालाश कमी. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी. माशांच्या खाद्यातून नत्र व स्फुरद बरेच मिळतात, पालाश मात्र अपुरा पडतो.

यासाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांना ठिबकमधून दिली जाणारी विद्राव्य खते महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आकड्यांनी पाठ आहेत. त्यांतील १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. पहिल्याचा एक ग्रॅम ५५ लिटर पाण्यात टाकला, तर दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम नायट्रेट व ७ मिलिग्रॅम पालाश वाढतो. दुसऱ्याचा दशांश ग्रॅम टाकला, तर सव्वा मिलिग्रॅम फॉस्फेट वाढते. साध्या पेटीला आठवड्यातून याच्या निम्मे दिले तरी चालते. इतके सूक्ष्म वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून पोटॅशियम नायट्रेट १० ग्रॅम व फॉस्फेट १ ग्रॅम अर्धा-अर्धा लिटर पाण्यात दोन निराळ्या बाटल्यांत विरघळवावे. प्रत्येकाचे ५० मिलिलिटर म्हणजे वर सांगितलेली पूर्ण मात्रा. लोह चिलेट रूपातले घ्यावे. सामू ७ च्या आसपास असेल तर डीटीपीए चिलेट टिकते. ईडीटीए आम्ल पाण्यासाठीच ठीक असते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. घरात शेती असेल तर युरियाचे पोते हाताशी असते, आणि चिमूटभर टाकण्याचा मोह होतो. खाचरात युरियाचा अमोनिया होतो आणि भात तो पितो. पेटीत मात्र तोच अमोनिया माशांच्या कल्ल्यांना जाळतो. एक ग्रॅम युरियाने ५५ लिटर पाण्यात दर लिटरला ८ मिलिग्रॅमहून अधिक अमोनियाचे नत्र तयार होऊ शकते. त्याचा विषारी अंश सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तपमानाला सामू ७ असता तो शेकडा एकाहूनही कमी, ८ असता सुमारे पाच, आणि ९ असता तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. जड, उबदार पाण्यात तेवढी चिमूट साऱ्या माशांचा जीव घेण्यास पुरेशी आहे. डीएपी आणि १९:१९:१९ ही खतेही याच कारणास्तव वर्ज्य समजावीत. गोगलगायी व झिंगे असतील तर मोरचूदही पेटीजवळ आणू नये.

माशांच्या विष्ठेतूनही अमोनिया निघतोच. त्याचे प्रथम नायट्राइट व मग निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत व गाळणीत वस्ती करतात, पण त्या वस्तीला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी रोपे लावावीत आणि महिन्याभराने मासे आणावेत, तेही थोडे थोडे. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडणे म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घरात बिऱ्हाड थाटणे होय. वर सांगितलेल्या पेटीला झेब्रा डॅनिओसारखे सात-आठ लहान मासे पुरेत. हा मासा मुळचा आपल्या देशातलाच आहे. सोनमासे कोवळी पाने खातात आणि मुळे उकरतात, त्यांना येथे जागा नको.

उन्हाळ्याची काळजी निराळी. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. या प्रांतातील काही मासे हा प्रसंग निभावून नेतात. तंजावरच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे डॅनिश लोकांचे ठाणे होते. तेथे एक मासा ताडावर चढताना आपण पाहिला, असे डाल्डोर्फ या अधिकाऱ्याचे निवेदन १७९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. ताडावर चढणारा म्हणून तामिळमध्ये त्याला पनैयेरि केंडै म्हणतात. तो डोके वर काढून हवेतून श्वास घेतो. डॅनिओला ती विद्या नाही. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडताना दिसले, तर रात्रभर हवेचा पंप चालू ठेवावा. पाण्यावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास तपमान दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र जे उडून जाते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून तूट भरताना पावसाचे पाणी घालावे, आणि आठवड्यातून एकदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे.

रोपे कोणती निवडावीत? आपल्या देशाच्या पाण्यात उत्तम रोपे आहेत. नीरब्राह्मी दलदलीत जशी वाढते तशी पाण्यातही वाढते, आणि तामिळमध्येही तिचे नाव जवळपास हेच आहे. पिळदार फुलाची क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस भारतातून युरोपात पोहोचली, आणि स्वीडिश वनस्पतिज्ञ रेट्झियस याने १७७९ सालीच तिचे वर्णन प्रसिद्ध केले. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला तर जुन्या तळ्यांतून सहज दिसतात. ही रोपे लागवड करणाऱ्यांकडून घ्यावीत. कासच्या पठारावर फुलणारा वायतुरा किंवा सह्याद्रीतील ओढ्यांतली दुर्मिळ रोपे उपटून आणणे हा गुन्हा नसला तरी पाप आहे असे समजावे, आणि संरक्षित क्षेत्रात तर तो गुन्हाही ठरतो.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पेटीचा कंटाळा आला, रोपे माजली किंवा मासा फार वाढला की तो जवळच्या कालव्यात सोडून देण्याची चाल आहे. देणाऱ्याला ते भूतदयेचे काम वाटते. परंतु जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच जगभर नेली गेली, आणि आज ती तंजावरच्या कालव्यांना चोंदवून शेतापर्यंत जाणारे पाणी अडवते. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा कवचाचा परदेशी मासा तामिळनाडूच्या तळ्यांत वाढतो आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. एका घरातील ओंजळभर कचरा साऱ्या गावाच्या पाण्यावर बसतो, तो असा. म्हणून छाटलेली पाने उन्हात पूर्ण वाळवून खतात टाकावीत. काढलेले पाणी तुळशीला किंवा परसातील झाडांना घालावे, त्यातील नायट्रेट त्यांना उपयोगीच पडेल. नको झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी घराला द्यावेत. कालव्यात काहीही सोडू नये.

या पेटीतून मुलांना पुष्कळ शिकता येते. एका वहीत दर रविवारी सामू, बायकार्बोनेट, तपमान, दिव्याचे तास आणि घातलेले खत यांची नोंद मुलाकडून करून घ्यावी, आणि शेजारी पानांचा रंग लिहून ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन आठवडे थांबून परिणाम पाहावा. तीन-चार महिन्यांत ती वही पाहून कोणती गोष्ट कमी पडते व कोणती जास्त होते, हे घरातील लहान मूलही सांगू लागते. पाणी, प्रकाश आणि खत यांचा मेळ बसला की पेटीला रोजचे पाच मिनिटांचे लक्ष पुरते. तो बसेपर्यंत मात्र हात आखडता ठेवावा. दिवा थोडा, खत थोडे, मासे थोडे, आणि धीर भरपूर.